उतारावरचे पाय

बदलीचा हुकूम हाती पडला की सरकारी नोकराच्या घरातील सामानाची दोन भागांत फाळणी होते : बरोबर न्यावयाचे आणि मागे सोडावयाचे. देव्हारा, पाट आणि पुरणयंत्र यांच्याविषयी आमच्या घरी कधी वाद झाला नाही. वाद होई तो एकाच वस्तूविषयी. जबलपूर, पाटणा, रायपूर, लखनौ, प्रत्येक ठिकाणाहून निघताना गोणपाटात गुंडाळलेल्या एका लांबोडक्या गाठोड्याकडे बोट दाखवून आमच्या सौभाग्यवती विचारीत, "अहो, आणि हिचे काय करायचे?" आम्ही दर वेळी एकच उत्तर देत असू, "ती येणार." ती म्हणजे आमच्या वडिलांची, अण्णांची, सायकल.

अण्णा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पस्तीस वर्षे नोकरीस होते. ही सायकल त्यांनी १९६२ साली घेतली. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत ते दिवस. सकाळी खडकीच्या रस्त्याने सायकलींचा जो लोंढा चाले, त्यात विजारीला क्लिपा लावलेले आणि हँडलला डबा अडकविलेले अण्णा कोणते, हे ओळखणे अवघडच. रविवारी मात्र ते केवळ आमचे असत. आम्ही दांडीवर बसत असू. एखादा उतार लागला की अण्णा पायडल मारणे थांबवीत आणि मागून त्या सायकलीचा बारीक, एकसारखा आवाज सुरू होई : टिक् टिक् टिक् टिक्. "ऐक," अण्णा म्हणत, "आता ती स्वतःशी बोलते आहे."

१९९३ साली अण्णा निवृत्त झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सायकल पुसली, साखळीला तेल घातले आणि पडवीच्या भिंतीत दोन भक्कम खुंट्या ठोकून तिच्यावर ती टांगली. "पुष्कळ पायडल मारले. आता पाय थांबवायचे," असे म्हणून ते आरामखुर्चीत बसले, ते जवळजवळ कायमचेच. आधी मंडईत जाणे बंद झाले, मग देवळात जाणे, मग फाटकापर्यंत जाणे. गुडघे धरले. १९९७ साली ते गेले तेव्हा आम्ही पाटण्यास होतो. पोहोचलो तो दुसऱ्या दिवशी. परत निघताना आम्ही खुंट्यांवरून सायकल काढून घेतली. त्या घटकेला दुसरे काही मागावे असे वाटले नाही. पण खरे सांगावयाचे तर पुढील कित्येक वर्षे आम्ही तिच्यावर बसलो नाही. गावोगाव तिचे गाठोडे तेवढे हिंडविले.

शेवटी आमची बदली लुधियान्यास झाली, आणि गाठोडे जणू माहेरीच आले. कमालियाहून आलेल्या मुंजाल बंधूंनी सायकलींच्या सुट्या भागांच्या व्यापारापासून आरंभ करून १९५६ साली येथे हीरो सायकल्सची स्थापना केली, आणि १९८६ साली जगातील सर्वांत मोठा सायकल-उत्पादक म्हणून तिची नोंद गिनेस बुकात झाली. येथील गिल रोडच्या बाजूस हिंडताना वाटते, की सायकल ही येथे कोणी विकत घेतच नसावे. ती प्रत्येकजण एकेक भाग जोडून घरी तयार करीत असावा. कुठे नुसत्या रिमा, कुठे नुसते पायडल, कुठे छर्ऱ्यांचे ढीग.

आमच्या कचेरीत बंगळूरचा एक तरुण सहकारी होता. तो एका विचित्र सायकलीवरून येई. तिला गिअर नव्हते, मडगार्ड नव्हते, आणि फ्रीव्हीलही नव्हते. मागच्या चाकाची दातेरी चकती हबला पक्की आवळलेली. चाक फिरेल तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरेल तोवर पाय. "सर, हिच्यावर पाय थांबवता येत नाहीत," तो अभिमानाने म्हणाला. आम्हांला नवल वाटले. पाय थांबविता यावेत म्हणून तर माणूस चाकावर बसला ना?

पण चौकशी करता कळले, की विचित्र होते ते आमचेच अज्ञान. १८८५ साली कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी आजच्या सायकलीची आदिमाता जी 'रोव्हर' सिद्ध केली, तिला फ्रीव्हील नव्हतेच. त्या काळी पायडलवर पाय देऊन चढणे अवघड, म्हणून मागच्या आसाजवळ चढण्यासाठी पायरी असे. उतारावर गरगर फिरणाऱ्या पायडलांवरून पाय उचलून ठेवावयास पुढच्या फोर्कला दोन खुंट्या असत. त्या शतकाच्या अखेरच्या सुमारास फ्रीव्हील रूढ झाले आणि मनुष्यजातीच्या पायांना उतारावर विसावा मिळाला. शर्यतीच्या गोल धावपट्टीवर मात्र आजही पक्क्या चकतीचीच सायकल चालते आणि तिला ब्रेकही नसतो. दिल्लीस २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी जे सायकल-क्रीडागार बांधले, तेथेही हाच नियम. फ्रान्सची सुप्रसिद्ध दौड १९०३ साली सुरू करणारे आंरी देग्रांज यांनी १८९३ साली एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर तोडून उच्चांक केला होता. गिअर बदलण्याची सोय पंचेचाळिशीपुढील माणसांनाच शोभते, असे त्यांचे मत. त्यांच्या दौडीत ही सोय १९३७ साली आली. त्याआधी डोंगराच्या पायथ्याशी स्वार खाली उतरत, मागचे चाक काढीत, उलटे करून पुन्हा बसवीत आणि चढणीस लागत, कारण चाकाच्या दोन्ही बाजूंस निरनिराळ्या दात्यांच्या चकत्या असत.

आम्ही पंचेचाळिशी ओलांडून तेरा वर्षे झाली होती. निवृत्तीस दोन वर्षे उरली होती. भेटेल तो म्हणू लागला होता, "आता काय, उतारच! पाय सोडून बसायचे." हे वाक्य ऐकले की आमच्या डोळ्यांपुढे ती आरामखुर्ची उभी राहावयाची. एके रविवारी आम्ही गोणपाट सोडले.

मिस्त्री वयस्क सरदारजी होते. त्यांनी सायकल उलटी करून एक फेरी फिरविली, टिचकी मारून नळ्यांचा नाद ऐकला आणि "लोहा असली है, साबजी," असा निर्णय दिला. पुढे ४४ दाते, मागे १८; पायडलाच्या एका फेरीस साडेपाच मीटरांच्या आसपास रस्ता तुटतो आणि मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी वीस किलोमीटरांचा वेग पडतो, हा हिशेब त्यांनी बोटांवर सांगितला. मागचा आस बसवायच्या खाचा आडव्या होत्या, हेही आमच्या कामाचे निघाले. फ्रीव्हील नसले की साखळीचा ताण चाक मागे-पुढे सरकवूनच साधावा लागतो. साखळी सैल राहून निसटली तर मागचे चाक जागच्या जागी जखडते. पण फ्रीव्हील काढावयाचे म्हणताच ते थबकले. "ये तो आराम छीनने वाली बात हुई," ते म्हणाले. मग त्यांनी फ्रीव्हील उघडून आम्हांला त्यातील दोन चिमुकले तुकडे दाखविले. त्यांच्या भाषेत ते 'कुत्ते'. पुढे जोर लावला की हे दात्यांना चावून धरतात. पाय थांबले की दात्यांवरून घसरत टिक् टिक् करतात. आमच्या लहानपणी उतारावर अण्णांची सायकल स्वतःशी जे बोलत असे, ते यांचे बोलणे होते. आम्ही फ्रीव्हील कागदात गुंडाळून खिशात घातले.

खरा हब मागवावा लागणार होता. मिस्त्री म्हणाले, थांबा. आम्हांला धीर नव्हता. जुन्याच हबच्या आट्यांवर चकती बसवून वर बॉटम ब्रॅकेटची एक रिंग आवळून द्या, असा आम्ही हट्ट धरला. सरकारी अधिकाऱ्याचा हट्ट. त्यांनी मान डोलाविली. पुढचा ब्रेक मात्र त्यांनी काढू दिला नाही.

कॉलनीच्या मैदानात पहिले आठ दिवस गेले. आयुष्यभर मुरलेली सवय पायांतून जाता जात नाही. वळण आले, पुढे गाय आली, की पाय आपोआप थांबू पाहत आणि खालून पायडल असा धक्का देई, की आम्ही आसनावरून वीतभर उंच. वळताना आतल्या बाजूचे पायडल वर धरून ठेवता येत नाही. ते जमिनीला घासते. थांबावयाचे असेल तर दहा-वीस हात आधी ठरवावे लागते आणि पायांनी मागे रेटीत रेटीत चाकाची समजूत घालावी लागते. पण आठव्या दिवशी काहीतरी जुळले. आपण सायकल चालवीत आहो की ती आपल्याला चालवीत आहे, हा भेद उरेना.

नवव्या दिवशी पहाटे आम्ही रेल्वे-रुळांवरील पुलावर गेलो. चढ सोपा गेला. फिरते चाकच पाय वर खेचून घेते. शिरोभागी क्षणभर आनंद झाला आणि उतार सुरू झाला. ताशी चाळीस किलोमीटरांचा वेग आला की याच दात्यांवर पायांना मिनिटाला एकशेवीस फेऱ्या माराव्या लागतात, हे गणित तेव्हा आम्हांला पायांनी शिकविले. घाबरून आम्ही सारा जोर मागे दिला. क्षणभर विरोध जाणवला. मग काहीतरी सुटले आणि पाय पोकळीत गेले. ब्रेक दाबला, सायकल कठड्यावर घासली, कोपर सोलून निघाले. एक ट्रक भोंगा वाजवीत हाताच्या अंतरावरून गेला. कठड्याला टेकून आम्ही बसलो होतो तेव्हा भीती मरणाची वाटली नाही, असे म्हटल्यास ते खोटे होईल. पण त्याहून अधिक लाज वाटली.

मिस्त्रींनी दोष दिला नाही. त्यांनी फक्त समजावून सांगितले. पाय मागे रेटले की चकती उलट फिरून आट्यांवरून सुटू पाहते. म्हणून खऱ्या हबला चकतीच्या बाहेर डाव्या आट्यांचे कडे असते. चकती सुटू लागली की ते अधिकच आवळले जाते. आमची रिंग उजव्या आट्यांची होती. ती चकतीबरोबरच सुटली. पुढे ढकलणारा जोर आणि मागे रोखणारा जोर यांना निरनिराळे आटे लागतात. आम्ही आयुष्यभर पहिल्या जोराचीच तयारी केली होती.

यथावकाश दिल्लीच्या झंडेवालानातून नवा हब आला. त्याला ३६ छिद्रे; अण्णांच्या मागच्या रिमला जुन्या रीतीप्रमाणे ४०. रिम बदलावी लागली. मिस्त्रींनी छत्तीस स्पोक एकेक करून ओवले, चाकाचा आऊट काढला, आणि मग हबच्या दुसऱ्या बाजूकडे बोट दाखविले. तेथेही आटे होते. फ्रेंच स्वारांची ती जुनी युक्ती आमच्या ध्यानात आली. आम्ही घरी जाऊन कागदाची पुडी घेऊन आलो. अण्णांचे अठरा दात्यांचे फ्रीव्हील त्या बाजूवर तंतोतंत बसले. एका बाजूस पक्की चकती, दुसऱ्या बाजूस अण्णा. पाना घेऊन चाक उलटे केले की झाले.

आता वर्ष होत आले. रोज पहाटे आम्ही तो पूल ओलांडतो. चढापेक्षा उतारालाच कष्ट अधिक पडतात. पण उतार आपल्या पायांनी उतरल्याचे समाधान काही निराळेच आहे. वैद्यांनी गुडघ्यांविषयी कुरकूर केली होती. गुडघ्यांनी अद्याप केलेली नाही.

गेल्या महिन्यात अण्णांची तिथी होती. त्या दिवशी पहाटे आम्ही चाक उलटे बसविले. पुलाच्या माथ्यावर पोहोचलो आणि पाय थांबविले. टिक् टिक् टिक् टिक्. दांडीवर बसलेल्या पोराला जे कळले नव्हते, ते त्या उतारावर कळले. फ्रीव्हील बोलते ते चाक फिरत असेतोवरच. अण्णांना विसावा कसा घ्यावा हे ठाऊक होते. रोज उतारावर ते तो घेत होते. खुंट्यांवर टांगलेली सायकल विसावा घेत नव्हती. ती नुसती गप्प होती. हे त्यांना तेव्हा कोणी सांगावयास हवे होते. सांगणारा मुलगा पाटण्यास फायली उपसत होता.

घरी आलो तेव्हा सौभाग्यवती पुण्याच्या घराच्या डागडुजीचा अंदाज मांडीत बसल्या होत्या. "पडवीतल्या त्या खुंट्या राहू द्यायच्या का?" त्यांनी विचारले. "निवृत्तीनंतर हिला टांगायला लागतील."

"राहू द्या," आम्ही म्हणालो. "पावसाळ्यात छत्र्या टांगू." आणि पाना शोधावयास लागलो. दुसऱ्या दिवशी पहाटे चाक पुन्हा उलटे करावयाचे होते.