तिळ्याची शिकवणी

आमच्या घरात तीन जीव राहतात. मी ७५ वर्षांचा, पत्नी ७० वर्षांची आणि तिळ्या अडीच वर्षांचा. तिळ्या म्हणजे आमचा पांढराशुभ्र पॉमेरेनियन कुत्रा. संक्रांतीच्या दिवशी तो घरी आला, म्हणून नातीने त्याचे नाव तिळ्या ठेवले. पुढे नात शिक्षणासाठी परगावी गेली आणि तिळ्या आमच्या वाट्याला आला. पत्नीला सहा वर्षांपासून कंपवात आहे. हात थरथरतात, हालचाली मंदावल्या आहेत आणि आवाज इतका क्षीण झाला आहे की शेजारच्या खोलीतही तो ऐकू येत नाही. तिळ्या मात्र दिवसभर तिच्या खुर्चीपाशी बसून असतो. त्या सोबतीचे मोल मी जाणतो.

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळच्या चहानंतर पत्नी गोळ्या घेत होती. खांदा आखडल्यामुळे तिला त्या दिवसांत आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी दिली होती. ती बोटांतून निसटली, फरशीवरून घरंगळत गेली आणि तिळ्याने तोंडात घेतली. माणसाला चालणारे हे औषध कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना घातक ठरते, हे मी वाचले होते. मी ओरडत धावलो. तो पलंगाखाली शिरला. मी त्याला ओढून बाहेर काढले आणि जबड्यात बोटे घालून गोळी हस्तगत केली. गोळी आली, पण त्याचा दात माझ्या तर्जनीत खोल रुतला.

हृदयात स्टेंट बसवल्यापासून मी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतो. त्यामुळे रक्त लवकर थांबेना. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुतली आणि दवाखाना गाठला. कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे, म्हणून अशा जखमेकडे दुर्लक्ष करायचे नसते. धनुर्वात आणि रेबीज यांबाबतचा निर्णय डॉक्टरांवरच सोडावा.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "बाबा, आता त्याला कुणाला तरी देऊन टाका. उद्या आईला चावला तर?" त्याचे म्हणणे रास्त होते. माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री पत्नी जेवली नाही. झोपताना एवढेच म्हणाली, "अहो, त्याला एक महिना द्या."

दुसऱ्या दिवशी मी तिळ्याला घेऊन पशुवैद्यांकडे गेलो. सारी हकिकत ऐकून त्या बाई म्हणाल्या, "काका, तो चोर नाही. तुम्ही धावता, म्हणून हाती लागलेली वस्तू फार मोलाची आहे असं त्याला वाटतं. ती हिसकावली जाईल या भीतीनं तो घाईघाईनं गिळून टाकतो. गिळायला तुम्हीच त्याला शिकवलंत." मी ३० वर्षे शाळेत शिकवले. कृतीचे फळ सुखद असेल तर ती कृती पक्की होते, हा थॉर्नडाइकचा नियम बी.एड.च्या परीक्षेत लिहून गुणही मिळवले. घरातल्या या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र तो सोयीस्कर विसरलो होतो.

बाईंनी दोन शब्द ठरवून दिले. तोंडात घेतलेली वस्तू टाकण्यासाठी 'सोड' आणि खाली पडलेल्या वस्तूला तोंड न लावण्यासाठी 'राहू दे'. घरात सर्वांनी, अगदी कामाला येणाऱ्या मावशींनीसुद्धा, हेच शब्द वापरायचे. शब्द एकदाच उच्चारायचा, ओरडायचे नाही. शिकवणी एका वेळी पाच मिनिटांहून अधिक नको.

'सोड'ची सुरुवात जुन्या पायमोज्याच्या गाठीने झाली. तिळ्याने गाठ तोंडात धरली की मी पनीरचा लहानसा तुकडा त्याच्या नाकाशी नेत असे. पनीरसाठी तोंड उघडले, की त्याच क्षणी 'सोड' म्हणायचे आणि तुकडा द्यायचा. त्यानंतर गाठही परत द्यायची. हे परत देणे महत्त्वाचे होते. सोडले म्हणजे गमावले असे नाही, हा विश्वास त्यातूनच रुजला. आठवड्याभराने आधी शब्द, मग पनीर, असा क्रम केला.

'राहू दे' अवघड गेले. बंद मुठीत पनीर ठेवायचे. त्याने चाटले, पंजा मारला तरी मूठ उघडायची नाही. तो थकून मागे सरला, की दुसऱ्या हातातून बक्षीस द्यायचे. मुठीतला तुकडा मात्र कधीच द्यायचा नाही. मला वाकवत नाही, म्हणून पुढचा पाठ मी खुर्चीत बसून, समोरच्या ठेंगण्या चौरंगावर घेतला. गोळीएवढा पोळीचा तुकडा तिथे ठेवायचा, त्यावर तळहात धरायचा आणि हळूहळू हात दूर न्यायचा. तो तुकडा फरशीवर टाकून पाहण्याची वेळ तिसऱ्या आठवड्यात आली.

याच दिवसांत एकदा जेवताना पत्नीच्या हातातला चमचा थरथरू लागला. वरण सांडेल म्हणून मी तो पटकन काढून घेतला. ती शांतपणे म्हणाली, "तिळ्याला गाठ परत देता. माझ्या हातातलं मात्र काढून घेतलंत की परत देत नाही." मला काही बोलता आले नाही. कपबशी, कंगवा, वर्तमानपत्र असे कितीतरी तिच्या हातून मी 'मदत' म्हणून काढून घेत होतो. चमचा मी तिच्या हातात परत दिला. जेवायला त्या दिवशी पाऊण तास लागला. वरण सांडले, मी पुसले.

महिना संपायच्या सुमारास मी स्वयंपाकघरात होतो. बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. दारात येऊन पाहतो तो गोळ्यांची डबी उलटली होती आणि गोळ्या विखुरल्या होत्या. तिळ्या मान खाली घालून पुढे सरकलाही होता. माझ्या ओठांशी आरोळी आली, पण त्याआधीच पत्नीने तिच्या त्या पुसट आवाजात म्हटले, "राहू दे." मला जेमतेम ऐकू आले. तिळ्या थबकला, वळला आणि तिच्या गुडघ्याशी जाऊन बसला. कुत्र्याचे कान तीक्ष्ण असतात. मोठा आवाज त्याला लागतच नव्हता. बक्षीस द्यायला पनीर तिच्याजवळ नव्हते, ते मी आणून तिच्याच हातून दिले.

तरीही केवळ शिकवणीवर विसंबून आम्ही राहत नाही. गोळ्या आता परातीवर हात धरून घेतल्या जातात. माझे श्रवणयंत्र रात्री झाकणाच्या डबीत जाते. कानातल्या मळाच्या वासाने कुत्री ते चावतात आणि त्यातली बटणासारखी बॅटरी पोटात गेल्यास अन्ननलिका भाजू शकते. प्रसादातले मनुके, द्राक्षे, चॉकलेट, कांदा आणि झायलिटॉल घातलेली बिनसाखरेची च्युइंगगम त्याच्यापासून दूर ठेवतो. इतके करूनही काही गिळलेच, तर मीठपाणी पाजून उलटी करवू नये. औषधाचे पाकीट घेऊन थेट पशुवैद्य गाठावा.

मुलाला मी फोन करून सारे सांगितले. तो म्हणाला, "आई काय म्हणते?" मी फोन तिच्या हातात दिला. तिला तो नीट धरता येईपर्यंत थोडा वेळ लागला. मी थांबलो.