कव्हर घातलेलं पुस्तक

शनिवारी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून 'एकटा जीव' संपवलं. दादा कोंडकेंचं आत्मचरित्र, शब्दांकन अनिता पाध्ये यांचं. आणि गंमत म्हणजे पुस्तकाला मी चक्क वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, शाळेत घालायचो तसं! कट्ट्यावर कोण कधी भेटेल, काही नेम नाही...

त्याचं असं झालं, की गेल्या आठवड्यात ऑफिसात लंचला आवडत्या दिग्दर्शकांचा विषय निघाला. कुणी नोलन म्हणालं, कुणी कुरोसावा. मग एकाने दादांच्या सिनेमांची नावं एकामागून एक घेतली. सगळे खो खो हसले. मीही हसलो. घरी येताना मात्र काहीतरी टोचत राहिलं.

माझे आजोबा लालबागचे गिरणी कामगार. १९८२च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. त्याच वर्षी आलेला 'आली अंगावर' त्यांनी कुणाकडून तरी पैसे उसने घेऊन पाहिला होता. लहानपणी टीव्हीवर दादांचा सिनेमा लागला की बाबा चॅनेल बदलायचे. "पोरासमोर नको." आजोबा काही न बोलता गॅलरीत जाऊन बसायचे. ते आता नाहीत.

पुस्तकात कळलं की दादाही नायगावचे, गिरणी कामगारांच्या घरातले. सेवादल, 'विच्छा माझी पुरी करा', मग १९६९ला भालजींचा 'तांबडी माती'. १९७१चा 'सोंगाड्या' तर इथून चालत जाण्याच्या अंतरावर, दादरच्या कोहिनूरला अडला होता. थिएटरवाल्याला देव आनंदचा सिनेमा लावायचा होता. दादा बाळासाहेबांकडे गेले, शिवसैनिक रस्त्यावर उतरले आणि 'सोंगाड्या' लागला. १९७५ला 'पांडू हवालदार'पासून दिग्दर्शनही स्वतःच. सलग नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी, गिनीज बुकात नोंद. ढगळ चड्डी, लोंबती नाडी, आणि शेवटी शहाण्यांना गंडवणारा भोळा माणूस. संपात सगळं हरलेल्या माणसाला तो का आवडला असेल, हे समजायला मला इंजिनियरिंगची डिग्री नव्हे, हे पुस्तक लागलं.

म्हणजे दादा एकदम ग्रेट, असं म्हणून लेख संपवता आला असता. पण पुस्तकातही काही पानांवर अडखळलो. दादा बायकांबद्दल बिनधास्त बोलतात, आणि त्या बायकांना त्यात उत्तर द्यायला जागा नाही. आत्मचरित्रात बाजू एकच असते.

रात्री आजीला विचारलं, "तू जायचीस का गं आजोबांबरोबर?"

"मला कुठे न्यायचे? एकदा नेलं होतं. माझ्याशेजारी बसून त्यांना हसता येईना. आणि बाईच्या अंगावरून एवढे विनोद, मला काय हसू येणार?" थोडं थांबून म्हणाली, "पण त्या दिवसांत घरी हसत यायचे ते त्या सिनेमावरूनच. म्हणून मी कधी अडवलं नाही."

यावर मला काही बोलता आलं नाही. आजीचं दोन्ही खरं होतं.

असो. पुस्तकाचं कव्हर काढलंय. सोमवारी ऑफिसला नेणार आहे. कुणी हसलं तर आजोबांचं सांगेन, आणि आजीचंही.