दातांची कातडी आणि पालीचं शेपूट

इंग्रजीत 'बाय द स्किन ऑफ माय टीथ' असा एक वाक्प्रचार आहे. अगदी थोडक्यात वाचलो किंवा निभावलो, असा त्याचा अर्थ. दार बंद होताहोता ट्रेन मिळाली, मुलगा काठावर पास झाला, की अमेरिकन माणूस तो सहज वापरून जातो. पण दातांना कातडी असते कुठे?

हे शब्द आले बायबलच्या जुन्या करारातून, ईयोबाच्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायातून. संपत्ती गेली, मुलंबाळं गेली, सर्वांगावर फोड आले. आता दातांच्या कातडीनिशी तेवढा उरलोय, असं ईयोब कळवळून सांगतो. १५६० च्या जिनिव्हा बायबलने ते हिब्रू शब्द जसेच्या तसे इंग्रजीत आणले. तिथे 'विथ' होतं, आज आपण 'बाय' म्हणतो. म्हणजे मुळात हिशेब होता काय उरलं याचा; आता राहिला तो फक्त किती थोडक्यात सुटलो याचा. 'क्लोज शेव्ह'चंही तेच. वस्तरा अगदी जवळून गेला, एवढंच तो सांगतो.

आपल्याकडे 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' म्हणतात. पण ईयोबाच्या जवळचा वाटतो तो दुसराच: 'जिवावरचं शेपटावर निभावलं'. संकटात पाल शेपूट टाकून पळते. शेपूट जातं, जीव राहतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या बर्फावर आमची गाडी गरकन फिरली आणि कठड्यावर आदळून थांबली. गाडी मोडीत गेली, आम्ही चौघं सुखरूप. ऑफिसात 'क्लोज शेव्ह' म्हटलं. सगळ्यांनी हळहळून मान हलवली आणि आपापल्या कामाला लागले. रात्री पुण्याला फोन केला.

"आई, जिवावरचं शेपटावर निभावलं गं."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, "शेपूट कोणतं गेलं, ते आधी सांग."

"गाडी."

"एवढंच ना? नक्की? मुलांना दे बरं फोन."

'क्लोज शेव्ह' मुलांना शाळेत आपोआप मिळेल. शेपटाचा वाक्प्रचार मात्र आपणच घरात बोलता-बोलता वापरायला हवा. नाहीतर फोनवर आजी नेमकं काय विचारतेय, तेच त्यांना कळायचं नाही.