उटणं कोरडं का असतं

उटण्यात काय काय असतं हे आपल्याकडे पुष्कळांना तोंडपाठ असतं: आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गव्हला-कचोरा, चंदन, मसुराचं पीठ, संत्र्याची साल. ते कसं वापरायचं याची रीत मात्र हळूहळू विसरली जाते आहे, आणि त्वचेच्या दृष्टीने ती रीतच अधिक मोलाची आहे. सगळं वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून कोरड्या डब्यात ठेवायचं. लावायच्या वेळी लागेल तेवढंच दुधात किंवा पाण्यात कालवायचं. आधी अंगाला तेल, मग उटणं, आणि थोड्या वेळात अंघोळ. कालवलेलं उरलं तर टाकून द्यायचं. पाण्यावाचून जिवाणू आणि बुरशी वाढत नाहीत, हे त्या रीतीमागचं शास्त्र. साबण, मलमं आणि उटणी लहान प्रमाणावर बनवणारी म्हणून माझं मत ठाम आहे: आजी-पणजीची प्रसाधनं सुरक्षित होती त्याचं श्रेय वनस्पतींपेक्षा या रीतीला जास्त जातं. आज आपण वनस्पती तेवढ्या उचलल्या आणि रीत मागे सोडली.

वनस्पतीजन्य ते निरुपद्रवी, ही समजूत आपल्याच मातीत टिकत नाही. बिब्बा उतला की अंगावर कसे फोड येतात, हे गावाकडे कुणालाही विचारावं. काजूच्या टरफलातलं तेल कोकणात आणि गोव्यात काजू फोडणाऱ्यांची बोटं भाजून काढतं. गाजरगवत 1950 च्या दशकात पुण्यात नजरेस आलं आणि देशभर पसरलं. त्याच्या ॲलर्जीने चेहरा-मानेची त्वचा जाड, काळी, खाजरी झालेली शेतकरी माणसं त्वचारोगतज्ज्ञांना आजही भेटतात. बावचीतलं सोरालेन कोडाच्या उपचारात उपयोगी पडतं, पण मात्रा किंवा ऊन जास्त झालं की त्वचा पोळते. लिंबाचा रस तर घरोघरी चेहऱ्याला चोळला जातो. निरोगी त्वचेचा पीएच साधारण 4.5 ते 5.5, लिंबाच्या रसाचा 2 च्या आसपास. शिवाय लिंबाच्या सालीतल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचेवर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि त्यांचे काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. क्रीम, लोशन, टोनर, कोरफडीचं जेल यांत पाणी असतं, आणि जिथे पाणी तिथे परिरक्षक हवाच. ‘नॅचरल’ म्हणून परिरक्षकाविना विकलेली पातळ क्रीम काही दिवसांतच जिवाणूंचं घर होते, तेही रंग-वास बदलण्याच्या आधी. ई जीवनसत्त्व घातलं की भागतं, असं अनेक घरगुती उत्पादक सांगतात. ते तेलाला खवट होण्यापासून वाचवतं. जिवाणूंना रोखत नाही. मग पॅराबेन या परिरक्षकांची भीती येते. तिचं मूळ 2004 साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात आहे. स्तनाच्या 20 गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन आढळले होते. निरोगी पेशींशी तुलना नव्हती, आणि पॅराबेनमुळे कर्करोग झाला असं त्या अभ्यासाने सिद्धही केलं नव्हतं. काही पॅराबेनचा संप्रेरकांसारखा सौम्य परिणाम दिसतो ही शंका मात्र रास्त होती, म्हणून युरोपने 2014 मध्ये पाच पॅराबेनवर बंदी घातली आणि बाकीच्यांना मर्यादा घालून दिल्या. पण लोक त्याआधीच घाबरले होते. कंपन्यांनी ‘पॅराबेनमुक्त’ छापायला सुरुवात केली होती आणि पॅराबेनच्या जागी इतर परिरक्षक आले होते. त्यांतल्या मिथाइलआयसोथायाझोलिनोनने युरोपात ॲलर्जीची साथच आणली. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाह तज्ज्ञांच्या संस्थेने 2013 मध्ये त्याला वर्षातलं लक्षवेधी ॲलर्जीकारक ठरवलं. लावून ठेवायच्या प्रसाधनांत त्याच्या वापरावर युरोपला 2017 पासून बंदी आणावी लागली. त्याच अमेरिकी संस्थेने 2019 मध्ये पॅराबेनना ‘ॲलर्जी न करणारं द्रव्य’ म्हणून गौरवलं. एका नावाला घाबरून दुसऱ्याकडे धावण्याची किंमत हजारो लोकांच्या त्वचेने मोजली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या हळद-बेसन लावतात, कुणाला काही झालं नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच आहे, कारण ते ताजं कालवलं जातं आणि लगेच धुतलं जातं. तीच हळद वर्षभर टिकणाऱ्या ओल्या क्रीममध्ये घालून रात्रभर चेहऱ्यावर ठेवली, तर पिढ्यान्पिढ्यांचा तो अनुभव तिला लागू होत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: असं बोलून मोठ्या कारखान्यांची वकिली होत नाही का? नाही. ‘केमिकल-फ्री’ छापणारे मोठे कारखानेही तितकेच दिशाभूल करतात. पाणीसुद्धा रसायनच आहे. माझा आग्रह दोघांकडेही एकच आहे: वेष्टनावर सगळं लिहा.

आपल्याकडे 2020 चे प्रसाधन नियम तेच सांगतात. निर्मात्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी वेष्टनावर हवी. यादीत जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी येतं. पाणी पहिलं असेल तर पुढे परिरक्षक शोधावा. सुवासाने त्रास होत असेल तर सुगंधी द्रव्य नसलेलं घ्यावं. लव्हेंडर, संत्रा यांच्या सुगंधी तेलांचीही ॲलर्जी होते. नवीन काहीही आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावं.

गोरेपणाच्या बिननावाच्या क्रीमबाबत मात्र चाचणीचाही प्रयोग करू नका. आपल्या नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडता इतरांत पारा नकळतसुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही, कारण तो त्वचेतून शिरून मूत्रपिंडापर्यंत पोचतो. अकोल्यात एकाच कुटुंबातल्या तिघांची मूत्रपिंडं अशाच क्रीममुळे बिघडल्याची बातमी 2023 मध्ये आली होती. केरळातल्या मलप्पुरममध्येही असे रुग्ण आढळले. झपाट्याने उजळपणा आणणारी, यादी आणि परवाना क्रमांक नसलेली डबी तुमच्या घरात असेल तर आजच लावणं थांबवा. पायावर किंवा चेहऱ्यावर सूज असेल, लघवीला फेस येत असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि ती डबी फेकून न देता सोबत न्या.