पडद्यावरचे केस आणि एमीची रात्र

अमेरिकन दूरचित्रवाणीने कृष्णवर्णीय स्त्रीला कोणते स्थान दिले, हे ठरवण्यासाठी एमी या १९४९ पासून दिल्या जाणाऱ्या, त्या क्षेत्रातील सर्वोच्च पुरस्काराच्या याद्या बहुधा चाळल्या जातात. परंतु सिसिली टायसन या अभिनेत्रीच्या दीर्घ कारकिर्दीतील भूमिका आणि त्यांतील केसांची ठेवण क्रमाने पाहिली, तर या याद्या जे सांगत नाहीत तेही लक्षात येते.

टायसन १९६३ मध्ये सीबीएस वाहिनीच्या 'ईस्ट साइड/वेस्ट साइड' या मालिकेत एका समाजकार्य संस्थेतील सचिव म्हणून दिसल्या. त्या काळी कृष्णवर्णीय स्त्रीने नोकरीच्या ठिकाणी वावरताना तापवलेल्या फणीने किंवा रसायनाने केस सरळ करून घ्यावेत असा संकेत असताना, टायसन यांनी आखूड कापलेले, मूळचे कुरळे केस तसेच ठेवले. अनेक स्त्रियांनी त्यांचे अनुकरण केले आणि केशकर्तनालयांच्या चालकांकडून धंदा बुडत असल्याची तक्रार करणारी पत्रे आपल्याला आली, असे टायसन यांनी पुढे सांगितले आहे. मालिका एका हंगामातच बंद पडली.

१९७४ मध्ये त्यांना 'द ऑटोबायोग्राफी ऑफ मिस जेन पिटमन' हा दूरचित्रपट, म्हणजे दूरचित्रवाणीसाठीच काढलेला स्वतंत्र चित्रपट, मिळाला. गुलामगिरीत जन्मलेल्या जेनचे वयाच्या ११० व्या वर्षापर्यंतचे आयुष्य त्यात असून, शेवटी ही वृद्धा न्यायालयाच्या आवारातील, केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या नळापाशी एकटी चालत जाते आणि पाणी पिते. या चित्रपटाला नऊ एमी पुरस्कार मिळाले, त्यांतील दोन टायसन यांच्या अभिनयासाठी होते.

मात्र एमीची रचना विभागवार असते आणि दूरचित्रपटातील अभिनय व नाट्यमय मालिकेतील अभिनय यांचे पुरस्कार वेगळे धरले जातात. हा भेद तांत्रिक वाटला तरी त्यामागे व्यवहार आहे. दूरचित्रपट एका रात्रीत संपतो, तर मालिका वर्षानुवर्षे चालवावी लागते; त्यामुळे तिच्या केंद्रस्थानी कोणाला बसवायचे, हे ठरवताना वाहिनी आणि जाहिरातदार यांना दीर्घकाळ पैसा गुंतवावा लागतो. कृष्णवर्णीय स्त्रीवर तसा भरवसा ठेवण्यास ही मंडळी फार क्वचित तयार झाली. टायसन यांनीही अवमानकारक भूमिका न स्वीकारण्याचा निश्चय केला होता आणि त्यापायी कामाविना राहण्याची किंमत मोजली.

'जेन पिटमन' पाहून अभिनेत्री होण्याचे ठरवलेल्या मुलींपैकी एक व्हायोला डेव्हिस होत्या. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'हाउ टू गेट अवे विथ मर्डर' या मालिकेत त्यांनी अ‍ॅनालीस कीटिंग ही वकील साकारली आणि एका प्रसंगात अ‍ॅनालीसने दिवस संपल्यावर आरशासमोर बसून विग काढावा, चेहरा पुसावा, हा आग्रह त्यांनीच धरला होता. त्याच हंगामात अ‍ॅनालीसची आई म्हणून टायसन आल्या आणि खचलेल्या, प्रौढ लेकीला पुढ्यात बसवून त्यांनी तिचे केस विंचरले. ज्या स्त्रीने १९६३ मध्ये पडद्यावर मूळचे केस आणले, तिच्याच हाती ही फणी असावी, यात पात्रयोजनेचे औचित्य आहे.

सप्टेंबर २०१५ मध्ये, एमीच्या ६७ व्या सोहळ्यात, नाट्यमय मालिकेतील प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार डेव्हिस यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत. त्याच विभागात नामांकन असलेल्या ताराजी पी. हेन्सन यांनी उठून त्यांना मिठी मारली. गोऱ्या आणि गौरेतर अभिनेत्रींत अंतर आहे ते केवळ संधीचे, आणि ज्या भूमिका लिहिल्याच जात नाहीत त्यांच्यासाठी पुरस्कार मिळू शकत नाही, अशा आशयाचे डेव्हिस यांचे भाषण होते.

पुढे २०२० आणि २०२२ मध्ये झेंडाया या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने हाच पुरस्कार मिळवला. टायसन यांना मात्र अ‍ॅनालीसच्या आईच्या भूमिकेसाठी अनेकदा नामांकन मिळूनही पुरस्कार मिळाला नाही आणि २८ जानेवारी २०२१ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यामुळे पडद्यावरील प्रतिनिधित्वाचा हिशेब केवळ विजेत्यांच्या नावांवरून मांडणे अपुरे ठरते. कोणती पात्रे लिहिली गेली आणि त्या पात्रांना स्वतःच्या रूपात वावरता आले की नाही, हे आधी तपासले पाहिजे.