परत फिरण्याची वेळ

विद्यार्थी मित्रांनो, सहल म्हटले की तुमचे डोळे कसे चमकतात, हे मी वर्गात नेहमी पाहतो. आज मी तुम्हांला माझ्या एका सहलीविषयी सांगणार आहे. गंमत अशी, की ही सहल अजून झालेलीच नाही. सध्या ती फक्त माझ्या वहीत आहे.

जॉर्डन देशाच्या दक्षिणेला वादी रम नावाचे वाळवंट आहे. 'वादी' म्हणजे दरी. हा शब्द उर्दूमुळे तुमच्या ओळखीचाच आहे. तिथे लालसर वाळूच्या मैदानातून प्रचंड खडक सरळ वर उठलेले आहेत. त्यांतला जबल रम हा डोंगर समुद्रसपाटीपासून १,७०० मीटरांहून उंच आहे. २०११ साली युनेस्कोने या प्रदेशाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तिथून सुमारे ६० किलोमीटरवर अकबा हे बंदर आहे. माझा मावसभाऊ तिथे नोकरी करतो. "दिवाळीच्या सुटीत ये. दोन रात्री तंबूत राहू, खडकही चढू," असे तो फोनवर म्हणाला आणि मी लगेच होकार दिला.

उभ्या खडकावर दोराच्या आधाराने चढण्याला प्रस्तरारोहण म्हणतात. सह्याद्रीत मी ते थोडेफार शिकलो आहे. वाळवंट मात्र मी कधी पाहिलेले नाही. मी उत्साहाने यादी केली: दोर, हेल्मेट, कमरेचा पट्टा, बूट, तंबू, बॅटरी, कॅमेरा. ती अम्मींना वाचून दाखवली. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, "यात पाणी कुठे आहे?"

मी ओशाळलो. बी.एड.च्या वर्षी आम्ही पाच मित्र भर उन्हात एक किल्ला चढलो होतो. पाच जणांत पाण्याच्या दोनच बाटल्या होत्या. उतरताना एकाला घेरी आली आणि तो वाटेतच कोसळला. एका गुराख्याने आपल्याजवळचे पाणी पाजले, म्हणून तो सावरला. त्या दिवशी पाणी आणण्याचे काम माझ्याकडे होते. ही गोष्ट मी घरी कधीच सांगितली नव्हती. त्या दिवशी अम्मींना सांगितली. त्या रागावल्या नाहीत. "आता नीट हिशेब कर," एवढेच म्हणाल्या.

तो हिशेब असा. वाळवंटात पिण्यासाठी माणशी दिवसाला किमान ४ लिटर पाणी धरावे. आम्ही दोघे आणि एक वाटाड्या मिळून तिघे, दिवस तीन. म्हणजे ३६ लिटर. स्वयंपाकाला १२ लिटर. गाडी बिघडली तर एक दिवस जादा लागेल, म्हणून आणखी १२. एकूण ६० लिटर. "आणि वजूला?" अम्मींनी विचारले. "पाणी कमी पडले तर तयम्मुम आहेच," मी म्हणालो. तेव्हा त्या हसल्या.

"तंबू कुठे ठोकणार?" हा त्यांचा दुसरा प्रश्न. कोरड्या ओढ्याच्या पात्रात वाळू मऊ असते, तिथे झोप छान लागेल, असे मला वाटत होते. पुढे वाचले, तेव्हा चूक कळली. उघडा खडक आणि कडक जमीन पाणी लवकर शोषत नाहीत. दूर कुठेतरी पाऊस पडतो आणि डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही दरीत लोंढा येतो. २०१८ च्या ऑक्टोबरात जॉर्डनमध्येच, मृत समुद्राजवळ, शाळेच्या सहलीला गेलेली मुले अशा पुरात सापडली. वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत बरीच मुले होती. मी शिक्षक आहे. ती बातमी मला विसरता येत नाही. आमचा तंबू ओढ्यापासून दूर, उंचवट्यावरच असेल.

खडकाचेही तसेच. आपला सह्याद्री काळ्या, कठीण बेसाल्टचा आहे. वादी रममधले कडे मुख्यतः वालुकाश्माचे आहेत. हा दगड पावसाने भिजला की कमकुवत होतो आणि हाताची पकडच तुटून येऊ शकते. पाऊस झाला, तर खडक पुरता वाळेपर्यंत चढायचे नाही. दोरही वाळूत टाकायचा नाही. बारीक कण आत शिरून तो झिजतो, म्हणून खाली चादर अंथरायची. हे सारे ओळखायला तिथला जाणता माणूस हवा. १९८४ साली इंग्रज गिर्यारोहक टोनी हॉवर्ड आणि त्यांचे सोबती तिथे गेले आणि त्यानंतर वादी रमचे नाव जगभरच्या गिर्यारोहकांत पसरले. पण तिथले बदू, म्हणजे वाळवंटात राहणारे अरब, त्याआधी कितीतरी वर्षे शिकारीसाठी ते कडे चढत होते. आमचा वाटाड्या त्यांच्यापैकीच एक असेल.

सगळे झाले असे वाटून मी वही मिटली. तेव्हा अम्मींनी शेवटचा प्रश्न विचारला, "चढायला कधी लागणार ते लिहिलेस. परत कधी फिरणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी शिखराचाच विचार केला होता. वर पोहोचण्याच्या भरात माणसाला वेळेचे भान राहत नाही. "आता थोडेच राहिले," असे म्हणत तो पुढे जात राहतो आणि अंधार त्याला कड्यावरच गाठतो. म्हणून परतीची वेळ घरी, शांत डोक्याने ठरवावी लागते.

मी वही पुन्हा उघडली आणि लिहिले: 'दुपारी १ वाजता, असू तिथून परत. वाटाड्या थांबा म्हणाला, तर थांबायचे. रोज कुठे असू आणि केव्हा परतू, हे अकब्यात एकाला आणि घरी अम्मींना लिहून द्यायचे.'

मुलांनो, मी शिखरावर पोहोचेन की नाही, हे आज सांगता येत नाही. पण सुटीनंतर तुमच्या वर्गात हजर असेन, याची तयारी मी केली आहे. तुम्हीही कधी सहलीची यादी कराल, तेव्हा ती घरातल्या मोठ्यांना जरूर वाचून दाखवा. आणि निघण्याच्या वेळेखाली परत फिरण्याची वेळही लिहा.