दुपारी बघायचं नाही

आमच्या परड्याला बाग म्हणावं की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. बारा फूट रुंद, अठरा फूट लांब. एका कडेला धुण्याचा दगड, दुसऱ्या कडेला मोरीचं पाणी पिऊन माजलेलं अळू आणि मधे माझे पाच वाफे. घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. जमीन मुरमाची, कुदळ मारली की मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालो आणि पहिल्याच महिन्यात एक ट्रॉली माती आणि पाठोपाठ एक ट्रॉली शेणखत आणून टाकलं. ‘लोक रिटायर झाल्यावर काशीला जातात, तुम्ही शेण आणलंत,’ एवढंच बायको म्हणाली.

पावसाळ्यात भाज्या करून झाल्या होत्या, पण पावसाळ्यात कोणीही माळी होतो. उन्हाळ्याचं धाडस यंदा पहिल्यांदाच. फेब्रुवारीच्या शेवटी भेंडी, गवार, काकडी, दुधी आणि दोडका टोकला. मिरची-टोमॅटोची रोपं विकत आणली. पाडव्याला गुढी उभारून मागच्या दारी आलो तर काकडीचे वेल हातभर झालेले, भेंडी वीतभर. तजेला असा की कोणाला तरी बोलावून दाखवावंसं वाटलं.

त्यानंतर ऊन चढलं.

एका दुपारी दोनच्या सुमाराला सहज मागचं दार उघडलं तर काकडी, दुधी, दोडका, सगळ्यांनी माना टाकलेल्या. दुधीची पानं तर मिटलेल्या छत्र्यांसारखी देठाला लोंबत होती. माझ्या पोटात कालवलं. बादली भरली आणि त्या भर उन्हात प्रत्येक आळ्यात ओतली. संध्याकाळी पानं ताठ! मी स्वतःवर खूश. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच, पुन्हा बादली. असं आठ-दहा दिवस चाललं. वेलींना माझी गरज आहे, ही भावना निवृत्त माणसाला किती सुखावते ते निवृत्त झाल्यावरच कळतं.

अकराव्या दिवशी काकडीचे दोन वेल सकाळी सहालाच मान टाकून पडले होते. मी बादलीकडे वळलो तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीपलीकडून आक्कांचा आवाज आला. आक्का आमच्या शेजारीण, वय पंच्याहत्तरच्या पुढे, माहेर कोरेगावकडचं.

“भाऊ, आणि पाणी घालताय व्हय?”

“सुकलाय हो वेल.”

“सुकला न्हाई, कुजलाय. उपसून बघा.”

उपसला. वेल ओढताच सहज हातात आला, तिथंच काय ते समजलं. बुंध्याशी साल तपकिरी, पिचपिचीत. मुळं पांढरी असायला हवीत, ती चहाच्या चोथ्याच्या रंगाची. वास तुंबलेल्या गटाराचा. वरचा मातीचा थर दुपारपर्यंत वाळून भेगाळायचा म्हणून मला जमीन तहानलेली वाटत होती. दोन पेरं खाली चिखल होता.

“रोज दुपारी घालता न्हवं? मी बघते की,” आक्का म्हणाल्या. “पोरगं दुपारचं झोपलंय, आन् तुम्ही त्याला हलवून हलवून जेवाय घालताय. दुपारी बागंकडं बघायचंच न्हाई.”

मग वाचलं, विचारलं, तेव्हा त्या झोपेचा अर्थ कळला. भर उन्हात पानांतून पाणी ज्या वेगानं उडतं, त्या वेगानं मुळं ते ओढू शकत नाहीत, माती ओली असली तरीही. वेलवर्गाची पानं मोठी, पातळ, त्यामुळे तीच आधी लवतात. आणि लवली की अंगावर ऊन कमी घेतात, म्हणजे ते लवणंही कामाचंच. ऊन उतरलं की मुळं बाकी भरून काढतात आणि पानं आपोआप उभी राहतात. म्हणजे रोज संध्याकाळी ताठ होणारी पानं माझ्या बादलीमुळे ताठ होत नव्हती. मी नसतो तरी झाली असती. हे पचायला जरा वेळ लागला. तहान ओळखायची ती सकाळी सहाला. रात्रभर विसावा मिळूनही पान लवलेलंच असेल तर बोट मातीत खुपसून बघायचं. खाली कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर मूळ बिघडलंय.

वेळापत्रक बदललं. पाणी उजाडताच, तेही बोट घालून पाहिल्यावर. चुलतभावाच्या उसाच्या रानातून दोन पोती पाचट आणलं आणि वाफ्यांवर चार बोटं जाड अंथरलं. चार बादल्या लागत होत्या तिथं दोनांत भागायला लागलं. मडकं पुरण्याचा प्रयोगही केला. वेलांच्या मधे मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरून वर झाकण ठेवायचं, पाणी पाझरत राहतं. मी हौसेनं बाजारातून वारली चित्रं काढलेलं देखणं मडकं आणलं. चार दिवसांनी झाकण उचललं तर पाणी होतं तेवढंच! ऑइलपेंटनं त्याची सगळी छिद्रं बुजली होती. बायकोनं ते उकरून, धुऊन हॉलमध्ये ठेवलं. आता त्यात प्लास्टिकची फुलं आहेत.

दुपारी बघायचं नाही म्हटल्यावर संध्याकाळ हाताशी उरली, आणि उन्हाळ्यातल्या बागेचा खरा कारभार तेव्हाच चालतो हे दिसलं. काकडीची फुलं सकाळची. भेंडीचं पिवळं फूल, आत गर्द लालसर बुबुळ असलेलं, सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं ते कायमचंच. पण दोडका उमलतो तो ऊन कलल्यावर आणि दुधी दिवेलागणीला. दोडक्याचा भाऊबंद घोसाळं मात्र सकाळी फुलतं, एकाच घरातल्या दोन भावांसारखं, एक लवकर उठणारा आणि एक रात्री जागणारा.

दुधीला फुलं भरपूर येत होती, फळ मात्र एक नाही. ‘नुसता फुलोरा,’ मी वैतागून म्हणायचो. ती सगळी नरफुलं होती. लांब सडपातळ देठ आणि टोकाला फूल. मादीफूल आखूड देठाचं, पाकळ्यांच्या मागे बोटाच्या पेराएवढा दुधी आधीच तयार. एप्रिलच्या मध्याला पहिली मादीफुलं दिसली. पहिली दोन उमलली, मिटली, आणि मागचा छोटा दुधी टोकाकडून पिवळा पडत गळून गेला. पराग पोचला नव्हता. त्याचं काम रात्रीच्या पतंगांचं, आणि आमच्या गल्लीत पतंगांना रस्त्यावरच्या दिव्यांची ओढ जास्त.

मग मीच पतंग झालो. रात्री साडेआठला टॉर्च तोंडात धरून मांडवाखाली. कागदासारखी पातळ, चुरगळलेली पांढरी पाकळी, बॅटरीच्या उजेडात तिच्या शिरा दिसतात. नरफूल देठासकट खुडायचं, पाकळ्या मागे सोलायच्या, मधला परागाचा दांडा मोकळा करायचा आणि मादीफुलाच्या मधोमध जो जाडसर, खाचा पडलेला गड्डा असतो त्यावर हलकेच टेकवून फिरवायचा. बोटाला पिवळी पूड लागते. पाच फुलांवर हा उद्योग केला. चौथ्या दिवशी तीन दुधी अंगठ्याएवढे झालेले, अंगभर पांढरी मऊ लव, आणि मान खाली. या वेळी मान खाली बघून पोटात कालवलं नाही. उरलेले दोन गळले.

पहिला दुधी बायकोनं चिरण्याआधी एक चकती जिभेला लावून बघितली. हे आमच्या घरात आधीपासून आहे. काकडी कडू निघाली तर टोक कापून चोळण्याची पद्धत आहे, कोणी करतं, कोणी हसतं. पण दुधी कडू लागला तर चोळाचोळी नाही, शिजवून बघू नाही, सरळ खताच्या खड्ड्यात, कारण कडू दुधी विषारी असू शकतो. आमचा गोड निघाला. चण्याची डाळ घालून भाजी झाली आणि अर्धा डबा भिंतीपलीकडे गेला.

मिरचीचं काही सांगण्यासारखं नाही. बोकड्या पडला. पानं वळून बकरीच्या कानासारखी झाली, सहापैकी चार रोपं उपटली. निंबोळी अर्क उशिरा फवारला, फवारायच्या आधी वाचायला हवं होतं. टोमॅटोची फुलं उन्हानं गळताहेत. तिथं मी तक्रार करायचं सोडलं आहे.

अक्षय्य तृतीयेला आक्कांनी दोन नवी आळी खणायला लावली. त्या दिवशी लावलेला वेल उदंड फळतो असं त्यांचं म्हणणं. एकात भोपळा टोकला, एकात कारलं. पूजेसाठी आणलेली मातीची छोटी केळी, रंग नसलेली, कोरी, पाणी भरून देव्हाऱ्यापुढे ठेवली होती. दुसऱ्या दिवशी बायकोनंच ती माझ्या हातात दिली. “ही पाझरेल,” म्हणाली. उरलेल्या दोन मिरच्यांच्या मधे ती पुरली.

पाझरते का, हे बघायची दुपारीच घाई झाली. जेवून आडवा झालो, झोप येईना. बायकोनं डोळे न उघडता विचारलं, “कुठं?” “पाणी प्यायला,” म्हणालो. स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा दोन बोटं सरकवला. दुधीची पानं लवलेली, दोडक्याचीही. बाहेर गेलो नाही.

पण भिंतीपलीकडे कोणी तरी उभं होतं. पदर डोक्यावर ओढून, कपाळावर आडवा हात धरून आक्का त्यांच्या वांग्यांकडे बघत होत्या.